साखळी पक्की आहे

पाळणा टांगून झाला की पोराचा बाप मान वर करून बघतो आणि विचारतो, "अण्णा, किती किलो सोसेल?"

अरे, तुझं पोर बारा दिवसांचं. त्याच्यापेक्षा त्याचं दुपटं जड. आणि तू किलो विचारतोस! मी दोन्ही हातांनी साखळी धरतो, पाय वर घेतो आणि लोंबकळतो. सत्तरी उलटलेला म्हातारा दिवाणखान्यात वटवाघळासारखा लटकतोय असं बघितलं की बापाचं तोंड बंद होतं. मग खाली उतरून सांगतो, "एवढे सोसेल. आता बाजूला हो."

हा माझा धंदा. पाळणे भाड्याने देणे. कन्नडमधे पाळण्याला तोट्टिलु म्हणतात, म्हणून चामराजपेटेत मी तोट्टिलु अण्णा. माझं खरं नाव रेशन कार्डाला माहीत आहे आणि बायकोला. बायको ते घेत नाही. आमचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलं. कोण कशाला आलं ते विचारू नका, सांगणारे मेले. शाळा मी चौथीत सोडली. मास्तर म्हणायचे शाळेनं मला सोडलं. तीही कन्नड शाळा. मराठी घरी शिकलो, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ इथल्या मराठी मंडळाच्या पोरांनी बघून घ्यावं. मजकुराला मात्र हात लावायचा नाही, हे मी कागद हातात घेण्याआधीच कबूल करून घेतलंय.

मंडळाची पोरं म्हणाली, दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या गोड आठवणी लिहा. गोड म्हणे! या धंद्यात गोड एकच, बारशाची बर्फी, आणि ती साखरेमुळे मला बंद. बाकी सगळा ताप. तो लिहितो.

आधी धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे पहिल्या पोराला नवा पाळणा घेत नाहीत. खेळता पाळणा आणतात. खेळता म्हणजे ज्यात आधी दुसऱ्यांची पोरं निजून मोठी झाली तो. माझे पाळणे असे आहेत की ज्या बाईसाठी एकदा टांगला, तिच्याच नातवासाठी परत टांगला. चन्नपट्टणच्या कातकामाचे, लाखेच्या रंगाचे. चार कोपऱ्यांना चार साखळ्या, त्या वर एका कडीत येतात, कडी छताच्या आकड्यात. आकडा स्लॅबमधे बसवलेला पाहिजे. पंख्याच्या आकड्याला मी पाळणा टांगत नाही, कितीही विनवण्या करा. आणि हल्लीच्या घरांत वर खोटं छत असतं, खालून चकचकीत, वर उंदीर. ते कापून खरं छत शोधावं लागतं. तेवढ्यात घरातला कुणीतरी म्हणतो, "स्वल्प जपून अण्णा, लायटिंग नवीन आहे."

रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून पोराच्या आधी पाळण्यात वरवंटा निजतो. बारशाला बायका त्याला कुंची घालतात, पाळण्याखालून इकडून तिकडे देतात, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. दगडासारखं पोर टणक व्हावं, ही त्यामागची गोष्ट. पण आता वरवंटा कुणाच्या घरात आहे? मिक्सरला कुंची घालणार का? म्हणून माझ्या आईचा वरवंटा मी पिशवीत घेऊन फिरतो. बसमधे कंडक्टर पिशवी उचलायला जातो आणि म्हणतो, "एनु ताता, आत दगड आहे का?" एनु ताता म्हणजे काय आजोबा. दगडच आहे म्हणतो.

आणि शेवटचं. पाळणा परत नेताना रिकामा न्यायचा नाही. घरवाले त्यात नारळ, मूठभर तांदूळ, काहीतरी घालून देतात. हे झाले नियम. आता माणसं.

पूर्वी पाळणा टांगायला गेलो की घरात बायकांची जत्रा असायची. बाळंतीण आतल्या खोलीत, तिला कुणी काही विचारत नसे आणि तिला कुणी एकटंही सोडत नसे. आता जे. पी. नगरात सहाव्या मजल्यावर जातो तर घरात दोन माणसं आणि एक पोर. दोघं शिकलेले. दोघांच्या डोळ्यांखाली काळं. फोनमधली एक बाई सांगते पोराला असं धरा, दुसरी सांगते तसं धरलंत तर मान गेली. आई गावाहून महिनाभर येते, तिचं तिसरंच. एका घरी दोन आज्या पाळण्याची उशी कुठल्या दिशेला यावरून भांडल्या. मी पाळणा पूर्वेला फिरवला, दक्षिणेला फिरवला, परत पूर्वेला फिरवला. पोराचे आईबाप सोफ्यावर बसून झोपले होते. बसल्या बसल्या, तोंडं उघडी टाकून. शेवटी मी दोन्ही आज्यांना म्हटलं, "दिशा नंतर ठरवा, आधी या दोघांच्या अंगावर पांघरूण घाला." दोघींनाही राग आला. माझ्या धंद्यात लोकांना राग येतोच.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते केतकीनं.

ही पुण्याकडची पोरगी. नवरा निनाद. दोघंही इथल्या सरकारी संशोधनाच्या नोकरीत. पहिली मुलगी झाली, रेवा. निनादची आई पुण्याहून आलेली, घरात सगळे तिला आई म्हणत, मी बाई म्हणायचो. पाळणा टांगायला गेलो तर केतकी स्वतः स्टुलाशेजारी उभी राहिली. कडी हातात घेऊन बघितली. साखळीचा एकेक दुवा बोटांनी चाचपला. विचारलं, लोखंड कुठलं, सांधा कसा जोडलाय, किती वर्षं वापरात आहे. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! इतक्या वर्षांत कुणीतरी साखळीबद्दल नीट विचारत होतं. म्हटलं, "पोरी, तुला हे कसं कळतं?"

"माझं कामच ते आहे, अण्णा. विमानाच्या भागांना तडा कुठे जाऊ शकतो ते शोधायचं. धातू थकतो. वरून दिसत नाही, आणि एक दिवस तुटतो."

"माझा नाही तुटत," मी म्हटलं आणि लोंबकळून दाखवलं. ती हसली. बारसं झालं. वरवंट्याला माझ्यादेखत कुंची घातली. मी वरवंटा पिशवीत टाकून घरी आलो.

आठवडा झाला नसेल, फोन. "अण्णा, कडीतून आवाज येतोय." गेलो. चामराजपेटहून जे. पी. नगर म्हणजे बस बदलून जायचं, ट्रॅफिकमधे माणूस तिथल्या तिथे म्हातारा होतो. जाऊन ऐकलं. आवाज नाही. तेल घातलं, लोंबकळलो, आलो. दोन दिवसांनी परत फोन. आता एक दुवा लांबट दिसतोय. गेलो. दुवा जसा होता तसा. परत लोंबकळलो. ती म्हणायची, "सॉरी अण्णा, आता बरं वाटलं." ते बरं वाटणं दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत पुरायचं.

मी हट्टी माणूस. माझ्या साखळीवर कुणी शंका घेतली की मी पेटतो. इथल्याच शिवाजीनगरला लोखंडवाल्याकडे जाऊन दुप्पट जाड साखळी आणली. हत्ती बांधा म्हटलं. ती लावून खाली उतरतो तर केतकी म्हणते, "म्हणजे आधीची बारीक होती?"

"अगं, आधीचीही पक्की होती!"

"मग बदलली का?"

मी छतात दुसरा आकडा बसवला. कडी निसटलीच तर दुसरी साखळी धरेल. ती कितीतरी वेळ वर बघत राहिली. म्हणाली, "दुसरी लागते म्हणजे पहिलीवर तुमचाही भरवसा नाही ना अण्णा?" मी आकड्यावरचा पाळणा उतरवून लोखंडी स्टँड आणला. जमिनीवर उभा, वर काही नाही, पडायची भानगडच नाही. तर म्हणे स्टँड कलंडेल. परत आकड्यावर टांगला. खोट्या छताला तोवर इतकी भोकं पडली होती की निनाद ऑफिसातून येऊन वर बघायचा आणि काही न बोलता बूट काढायचा.

आणि या सगळ्या दिवसांत रेवा त्या पाळण्यात एकदाही निजली नाही. केतकीच्या खांद्यावर. सदानकदा खांद्यावर. ती बसून डुलकी काढायची आणि दचकून उठायची. सासू मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "आम्हीही पोरं वाढवली. झोळीत टाकलं की झालं. आता पाळण्याचीसुद्धा परीक्षा घेतात." खरं सांगतो, मनात मी सासूच्या बाजूचा होतो. घरी येऊन बायकोला म्हणायचो, शिक्षणानं डोकं फिरलंय त्या पोरीचं. बायको म्हणाली, "तर मग पाळणा घेऊन या. दुसऱ्या कुणाला द्या. तिच्याही डोक्याला ताप नको, माझ्याही."

हे मला पटलं. आकड्याचा पाना पिशवीत टाकून गेलो. वरवंटा पिशवीत असतोच. सासू भाजी आणायला खाली गेलेली. केतकीनं दार उघडलं, पोरगी खांद्यावर. म्हटलं, "हे बघ पोरी, तुझा माझ्या साखळीवर विश्वास नाही. पाळणा नेतो. सरी? ठीक आहे?"

स्टुलावर चढलो तसं ती म्हणाली, "नेऊ नका."

"का?"

"पाळणा नेला तर मला पलंगाची भीती वाटेल. पलंग नेला तर जमिनीची." अगदी साध्या आवाजात बोलली, बाजाराची यादी सांगावी तशी. "गॅलरीचं दार मी कधीचं बंद केलंय. सुऱ्या वरच्या कपाटात ठेवल्यात. रेवाला अंघोळ आई घालतात, मी बाहेर उभी राहते. मला दिसतं अण्णा. ती पडलेली दिसते. माझ्याच हातून. मी डोळे मिटले तरी दिसते."

मी स्टुलावर तसाच. हातात पाना.

"निनादला सांगितलंस?"

"नाही. वेडी म्हणतील. रेवाला माझ्याजवळ ठेवणार नाहीत. साखळीचं विचारलं तर कुणी वेडी म्हणत नाही, म्हणून साखळीचं विचारते."

माझ्याकडे पाळण्याच्या प्रत्येक दुखण्यावर इलाज आहे. कुरकुरतो तर तेल, झुकतो तर दुवा कमी कर, रंग गेला तर लाख. हिच्यासाठी पिशवीत काहीच नव्हतं. स्टुलावरून उतरलो आणि सोफ्यावर बसलो. एवढंच म्हटलं, "हे तू नवऱ्याला सांग. माझ्यादेखत सांग. आत्ता फोन लाव, बोलव त्याला."

"तो कामात असेल."

"मी बसलोय."

सासू भाजी घेऊन आली, मी बसलेला. तिनं चहा दिला, मी प्यालो, कप ठेवला, बसलेलाच. तिनं घड्याळाकडे बघितलं. मीही बघितलं. शेवटी तिनं विचारलं, "अहो पाळणेवाले, काम झालं ना? की जेवणार?"

"जेवीन."

पुण्याच्या बाईला हे उत्तर कुणी दिलं नसावं. पण पान वाढलं. आमटी चांगली होती. गूळ जास्त, पण चांगली.

निनाद धावत आला. केतकीनं सांगितलं. मला जेवढं सांगितलं होतं त्याहून कमी, अडखळत, पण सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "ॲक्च्युअली अण्णा, मला वाटलं ती केअरफुल आहे. रोज झोपायच्या आधी आम्ही दोघं मिळून चेक करतो. मी डंबेल ठेवून लोड टेस्ट करतो. तिला बरं वाटतं."

म्हणजे हा सुद्धा! मी दिवसा लोंबकळतोय, हा संध्याकाळी डंबेल झुलवतोय. माझा आवाज चढला. "अरे शहाण्या, साखळी थकली नाही! तुझी बायको थकलीय! डॉक्टरकडे ने तिला."

सासू मधे पडली. "कसल्या डॉक्टरकडे? वेड्यांच्या? उद्या लोक काय म्हणतील? बाळंतपणात होतं असं. खीर खायला घाला, डोकं शांत होईल."

"बाई, खीर घाला, मी कुठे नको म्हणतोय. डॉक्टरही बघा. फोन लावल्याशिवाय मी इथून उठत नाही."

"हे काय धरणं आहे का?"

"हो."

निनाद हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं फोन काढला. नोकरीतल्या कुणाला तरी विचारून डॉक्टर शोधली, वेळ घेतली. मी तेव्हा उठलो. जाताना माहीत नाही का, पण पिशवीतला वरवंटा काढून पाळण्यात ठेवला. म्हटलं, "रिकामा राहू नये. पोरगी येईतो हा निजू दे." माझी आई मेली त्यानंतर तो वरवंटा पहिल्यांदाच माझ्या घराबाहेर राहिला. घरी येऊन बायकोचं ऐकावं लागलं ते वेगळं.

मला वाटलं, माझी सुटका झाली. कसली सुटका! काही दिवसांनी निनादचा फोन, डॉक्टरांनी तुम्हाला बोलावलंय. मला? मला साखर आहे, गुडघे आहेत, डोकं जागेवर आहे. तरी गेलो. डॉक्टर म्हणजे माझ्या नातीच्या वयाची पोरगी, कन्नड बोलणारी. सासू आधीच बसलेली होती, पदर घट्ट धरून. डॉक्टर सासूला हळूहळू हिंदीत सांगत होती की मुलगी बाळाला काही करणार नाही, उलट सगळ्यात जास्त तीच जपतेय, हा एक आजार आहे, भीतीचा, बऱ्याच आयांना होतो, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो. बाळाला तिच्यापासून लांब करू नका, तिला एकटीलाही टाकू नका. सासूनं विचारलं, "मी काही कमी केलं का हिच्यासाठी?" डॉक्टर म्हणाली, नाही. सासूचा पदर जरा सुटला.

मग माझ्याकडे वळली. "ताता, साखळी बघायला तुम्ही जाता?"

"जातो."

"आता जाऊ नका."

मी म्हटलं, "अम्मा, गिऱ्हाईक बोलावतं आणि मी जात नाही, असं आजवर झालेलं नाही."

ती म्हणाली, "तुम्ही बघून आलात की तिला थोडा वेळ बरं वाटतं. मग भीती परत येते, जास्त जोरात, आणि अजून एकदा बघावंसं वाटतं. तुम्ही जाड साखळी आणलीत, चांगल्या मनानं आणलीत. पण भीतीला तुम्ही खाऊ घातलंत." निनादलाही सांगितलं, डंबेल बंद. सासूलाही सांगितलं, "काही होणार नाही गं" हे सारखं म्हणायचं बंद. हळूहळू करू, केतकीला सांगूनच करू, तिला कबूल आहे.

मला राग आला. बसमधे निनादला म्हटलं, "माझ्या बापानं मला शिकवलं, पाळणा टांगणाऱ्यानं साखळी बघायला नाही म्हणायचं नाही. आणि ही काल जन्मलेली पोरगी मला घरी बसायला सांगते." निनाद म्हणाला, "अण्णा, प्लीज." एवढंच. खिडकीबाहेर बघत राहिला. दाढी वाढलेली, शर्टाच्या खांद्यावर दुधाचा डाग.

फोन यायचा तो आलाच.

"अण्णा, कडी बघायला याल?"

ठरलेलं उत्तर मी बायकोसमोर घोकून ठेवलं होतं. "साखळीचं मी बोलणार नाही. दुसरं बोल."

ती रडली. मग चिडली. "ती पडली तर तुमच्या डोक्यावर येईल, अण्णा." आणि फोन ठेवला.

मी सांगतो, छतात आकडा ठोकणं सोपं आहे. फोन हातात धरून बसणं अवघड. चहा गार झाला. बायको म्हणाली, "काय झालं?" काही नाही म्हटलं. आणि मग, तुम्हाला हसू येईल, पण मलाच वाटायला लागलं, कडी मी नीट बसवली होती ना? पेच पुरता आवळला होता? मी, ज्यानं ती साखळी स्वतः तपासली, जिला लोंबकळून लोंबकळून माझे खांदे दुखत होते! चप्पल घातली, जे. पी. नगरची बस धरली. त्यांच्या इमारतीसमोर उतरून रस्त्यापलीकडे उभा राहिलो, मान वर करून सहावा मजला बघत. वॉचमन ओळखीचा, तो ओरडला, "अण्णा, वर जायचं नाही का?" म्हटलं, "नाही. मला मनाई आहे." त्यानं विचारलं, कुणी केली? म्हटलं, "डॉक्टरनं." तो म्हणाला, "लिफ्ट आहे की." परतीची बस धरली. आयुष्यात इतका बिनकामाचा प्रवास मी केलेला नाही. पण त्या दिवशी मला कळलं की ती पोरगी रोज कशात जगत होती.

त्यानंतर फोन येत राहिले. "साखळी" म्हटलं की "दुसरं बोल." तीही हट्टी, मीही. मग ती दुसरं बोलायला लागली. रेवाच्या पोटात वारा धरतो. आईंनी ओवा दिलाय, देऊ का? माझ्या गुडघ्यांचं काय? माझी बायको चिंचेची चटणी कशी करते? बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला तो अर्धा तास दिला नाही. एखाद दिवशी नुसती म्हणायची, "अण्णा, आज वाईट दिवस आहे," आणि आम्ही दोघं फोन कानाला लावून काहीच न बोलता बसायचो. मला फोनवर गप्प बसायचा भयंकर कंटाळा. तरी बसलो. औषधं चालू होती, डॉक्टरकडे जाणं चालू होतं. निनाद दुपारी घरी थांबायला लागला, ती तेवढ्यात आतल्या खोलीत दार लावून झोपायची. सासूनं पुण्याचं परतीचं तिकीट पुढे ढकललं आणि त्याचं श्रेय खिरीला दिलं. देऊ दे.

एकदा तिनं सांगितलं, डॉक्टरनं गृहपाठ दिलाय. आधी वरवंटा पाळण्यात घालून हलवायचा, आणि वर बघायचं नाही. "अण्णा, मी दगडाला झोके देत बसलेय. कुणी बघितलं तर?"

"आम्ही पिढ्यान्‌पिढ्या देतोय," मी म्हटलं. "कुणी आम्हाला विचारलं नाही."

मग बरेच दिवस फोनच नाही. मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. घरातल्यांना माझा वैताग झाला. शेवटी निनादनं एक फोटो पाठवला, नातवानं मला उघडून दाखवला. पाळण्यात रेवा, झोपलेली, मुठी डोक्याच्या दोन्ही बाजूंना. आणि पाळण्याखाली सतरंजीवर केतकी, तीही झोपलेली. साखळी फोटोत आलीच नव्हती. मला जरा खटकलं. इतकी जाड साखळी आणली होती.

पोर पालथं पडून हातांवर उठायला लागलं की पाळणा बंद करायचा, हा माझा नियम. तशी रेवा उठायला लागली, तेव्हा परत न्यायला गेलो. दार सासूनं उघडलं, मागून केतकी, रेवा कडेवर. गॅलरीचं दार उघडं होतं, वारा येत होता, दोरीवर लंगोट उडत होते. तिच्या डोळ्यांखालचं काळं पूर्ण गेलं नव्हतं. औषध अजून चालू होतं, ते तिनं स्वतःच सांगितलं.

मी स्टुलावर चढलो. हात कडीकडे गेले आणि सवयीनं साखळीवर घट्ट बसले. उतरवण्याआधी एकदा लोंबकळायचं, असं अंगातच बसलंय. खाली बघितलं. ती वर बघत होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "शेवटचं एकदा बघायचं का?"

तिनं रेवाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"साखळीचं मी बोलणार नाही, अण्णा. दुसरं बोला."

मी कडी सोडवली. पाळणा खाली आला. सासूनं त्यात नारळ ठेवला, तांदूळ घातले. केतकीनं आतून माझा वरवंटा आणला. त्याला रेवाचं लहान झालेलं झबलं घातलेलं, बटणं लावून. झबलं काढून द्यायला हवं होतं. मी काढलं नाही. अजूनही तो तसाच पिशवीत असतो आणि कंडक्टर आता वेगळाच प्रश्न विचारतो.

सगळं बांधून झालं. मी उभाच. दुसरं बोला म्हणाली होती, तर काहीतरी बोलायला हवं होतं.

"बाई," मी सासूला विचारलं, "आमटी झालीय का?"

"झालीय," ती म्हणाली. "गूळ कमी घातलाय. बसा."